तिडीकांक

डॉ. हर्षला इंगवले यांच्या प्रयोगशाळेत त्या सोमवारी सगळं काही अचूक होतं, आणि तेच तर दुखणं होतं.

भिंतभर पसरलेल्या पडद्यावर 'सांगा की'वर गेल्या आठवड्यात आलेली उत्तरं ओळीनं मांडलेली होती. एकूण अकरा. अकराच्या अकरा बरोबर. शुद्धलेखनसुद्धा बरोबर. आणि सगळी इतकी बेचव, की तिसऱ्या उत्तराला हर्षलाला जांभई आली आणि सातव्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

आता 'सांगा की' म्हणजे काय, ते सांगायला हवं. २०१९ साली कोल्हापुरात चार हौशी डोक्यांनी सुरू केलेलं हे प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ. कुणीही विचारावं, कुणीही सांगावं. मुरंबा का साखरतो, मोटर का जळते, ग्रहण रोज का लागत नाही! एका प्रश्नाला साठ-साठ उत्तरं यायची. माणसं भांडायची, रुसायची, आठ दिवसांनी परत यायची. त्यातलं जे वाचकांनी जपून ठेवावंसं वाटून निवडलं, त्याला 'सोनउत्तर' म्हणत. हर्षला तिथंच वाढली. अकराव्या वर्षी तिनं तिथं पहिलं उत्तर लिहिलं आणि अडतिसाव्या वर्षी ती तिथली गुणवत्ताशास्त्रज्ञ होती. माहेर म्हणा ना!

आणि आता, २०४६ साली, माहेराला कुलूप लागायची वेळ आली होती.

"मेलेल्याच्या नाकाशी सूत किती दिवस धरायचं, हर्षला?" कालिंदीताई नाईकनवरे म्हणाल्या. त्या चार हौशी डोक्यांपैकी हयात असलेलं हे एकमेव डोकं. गणिताच्या निवृत्त प्राध्यापक आणि विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष. बोलणं सुरीसारखं. "आठवड्याला अकरा माणसं! शेजारच्या इस्त्रीवाल्याकडं ह्याहून जास्त गर्दी असते, आणि गप्पाही बऱ्या असतात. शुक्रवारी पाच वाजता मी हे बंद करणार."

"ताई, पण मग उत्तरयंत्र नवीन शिकणार कुठून?"

हा प्रश्न पोकळ नव्हता. घरोघरी भिंतीत बसलेलं उत्तरयंत्र विचाराल ते सांगे; पण ते जे सांगे, ते आधी कुणा माणसानं कुठंतरी लिहिलेलंच असे. माणसांनी लिहिणं थांबवलं तशी यंत्रं एकमेकांचंच वाचून बोलू लागली होती. चिपाड पुन्हा पुन्हा चरकात घातल्यासारखं. दर वर्षी रस पातळ होत होता आणि ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

"ते मला पटतं गं," कालिंदीताई जरा मऊ झाल्या. "म्हणून तर सहा वर्षं थांबले. बरं, एक करू. शुक्रवारी पाचच्या आत शंभर माणसं, शंभर, स्वतःच्या हातानं लिहिलेलं काही घेऊन आली, तर कुलूप रद्द. नव्याण्णव आली तरी नाही. मी गणिताची बाई आहे."

आणि त्या गेल्या. हर्षलानं समोर बसलेल्या फिरोज मुजावरकडं पाहिलं. फिरोज समूहशास्त्रज्ञ, चार माणसं एकत्र आली की काय करतात, हा त्याचा अभ्यासाचा विषय आणि घरगुती छंदही. मिरजेहून येताना थर्मासभर चहा आणायचा आणि तो संपेपर्यंत कुणाचं काही ऐकायचं नाही, ही त्याची पद्धत.

"उत्तरयंत्रानं घात केला आपला," हर्षला म्हणाली.

फिरोजनं कप खाली ठेवला. "उत्तरयंत्र घराघरांत कधी आलं?"

"सदतीस साली."

"आणि हा आलेख बघ. माणसं यायची कधी थांबली?"

"चाळीसच्या एप्रिलात."

"मधली तीन वर्षं माणसं वेडी म्हणून येत होती काय? एप्रिलात काय झालं?"

एप्रिलात काय झालं, हे हर्षलाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या महिन्यात तिनं 'चाळण' बसवली होती. प्रत्येक उत्तर लोकांना दिसण्याआधी तपासायचं, आणि चुकीचं असलं तर तिथल्या तिथं गाळायचं, अशी ही स्वयंचलित प्रणाली. तिला त्याबद्दल शाल-श्रीफळ मिळालं होतं. शाल अजून कपाटात होती.

"चुकीची उत्तरं काढली, तर उत्तरं सुधारायला हवीत ना?" तिचा आवाज बारीक झाला. "तांदळातले खडे काढले, तर भात वाईट होतो का?"

"खडेच होते का ते, हे बघू आधी."

दोघांनी दिवसभर खपून जुनी सोनउत्तरं उपसली. सत्तावीस वर्षांतली अठ्ठावीस हजार. संध्याकाळी जे हाती लागलं ते बघून फिरोज खुर्चीतून उठून उभाच राहिला. "अगं, यांतली एकाहत्तर टक्के प्रश्नाला दिलेली उत्तरं नाहीतच! आधी कुणीतरी काहीतरी चुकीचं सांगितलंय, आणि ते खोडायला हा भला माणूस धावत आलाय."

उदाहरणार्थ, कुणी विचारलं होतं, विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट का लागतं? दोन दिवस सामसूम. मग एक उत्तर आलं: 'विहिरीच्या बुडाशी पृथ्वीची चूल असते. ती हिवाळ्यात जोरात पेटते.' झालं! अर्ध्या तासात एका भूगर्भशास्त्रज्ञानं लिहिलं, की अहो, चूल कसली? खोल जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ सारखंच राहतं. वरची हवा गारठते म्हणून तेच पाणी हाताला कोमट लागतं. त्याखाली एका विहीर खोदणाऱ्यानं, कुठल्या दगडात किती हातांवर हा फरक जाणवतो ते सांगितलं. असं सोनं!

"माणसाला नुसता प्रश्न विचार," फिरोज समजावू लागला, "तो म्हणतो, बघू, सवड मिळाली की. पण त्याच्याच धंद्यातलं काही चुकीचं, तेही छातीठोकपणे, त्याच्यासमोर बोल. ताटावरून उठून येईल! ही जी तिडीक जाते ना डोक्यात, तीच आपलं इंधन होती. आपण तिला मोजू. नाव ठेवू, तिडीकांक. तीन गोष्टींवर अवलंबून. एक, चूक दुरुस्त करता येण्याजोगी हवी. फारच अचाट असली तर लोक हसून सोडून देतात. दोन, सांगणाऱ्याची खात्री दांडगी हवी. तीन, वाचणाऱ्याचं ते स्वतःचं अंगण हवं."

"म्हणजे मी खडे नाही काढले," हर्षला हळूच म्हणाली. "मी चुलीतली लाकडंच काढली."

फिरोजनं आपल्या थर्मासातून तिचा कप भरला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मंगळवारी सकाळी हर्षला कंबर कसून आली. चूकच हवी ना? मग चुकांना काय तोटा! तिनं एक 'चूकयंत्र' जुळवलं. तिडीकांकाची तीनही कलमं सांभाळून ते सुबक, गोंडस, छातीठोक चुका लिहू लागलं. थंडीत इडलीचं पीठ का फुगत नाही? 'कारण थंडीत तांदळाचे दाणे आकसतात.' चाळणीतून तेवढ्या चुकांना वाट करून दिली आणि दोघं वाट बघत बसले.

बुधवार संध्याकाळपर्यंत तीन माणसं आली. दोघांनी लिहिलं, 'यंत्र बिघडलंय, कुणाला तरी कळवा.' तिसऱ्यानं जांभईचं चित्र टाकलं.

"असं कसं?" हर्षला वैतागली. "चूक आहे, खात्री आहे, अंगण आहे!"

फिरोजनं दाढी खाजवली. "चौथं कलम राहिलं आपलं. चुकीला मालक लागतो. भिंतीशी कुणी भांडतं का? पलीकडं एखादा माणूस हवा, ज्याला ते मनापासून खरं वाटतंय. त्याला 'अहो, तसं नाही' म्हणण्यात मजा. मुद्दाम केलेल्या चुकीला वास येतो."

"मग असा माणूस आणायचा कुठून?"

"आणायचा कशाला? होता की आपल्याकडं." त्यानं पडद्यावर एक नाव मोठं केलं. "खोडलेल्या चुकांपैकी चौथा हिस्सा एकट्याच्या नावावर आहे. चार हजार तीनशे बारा उत्तरं. बरोबर, शून्य. विहिरीतली चूल ह्याचीच. चाळण बसली त्या आठवड्यात ह्याची एकशे सहा उत्तरं ओळीनं गळली आणि नियमाप्रमाणे खातं गोठलं."

नाव होतं: 'मगदूम, चौकशी'.

हे नाव हर्षला कशी विसरली होती?

गुरुवारी दोघं त्या खात्यात नोंदवलेल्या पत्त्यावर, हिरेवाडीला पोचले. यशवंत मगदूम, वय वर्षे त्र्याऐंशी. एकतीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस. गाड्यांच्या वेळा त्यांनी एकदासुद्धा चुकीच्या सांगितल्या नव्हत्या, असं अख्खं गाव शपथेवर सांगे. पण लोक खिडकीत काय फक्त गाडीची वेळ विचारतात? पोरीचं लग्न कुठल्या महिन्यात करावं, गुडघ्याला काय चोळावं, चंद्र दिवसा का दिसतो. आणि आपल्याकडची रीत काय? विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणायचं नाही. पत्ता विचारा, ठाऊक नसला तरी माणूस हात वर करून 'असं सरळ जावा' म्हणणारच. रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवणं बरं दिसत नाही.

"या, या! पाहुणं आलं बघ गं!" मगदूमकाका अंगणातूनच ओरडले. उंच, ताठ, डोळे मिस्कील. शेवंताकाकूंनी पाणी आणि गुळाचा खडा पुढं केला, आणि काकांची पाठ वळताच हर्षलाच्या कानाशी लागल्या. "एक सांगते बाई. त्यांना चूक तेवढं म्हणू नका. दोन दिवस जेवत न्हाईत."

आता बोला!

काका तर कुणी विचारायची वाट न बघता सुरू झाले होते. कपाटातून त्यांनी वह्यांचा ढीग काढला. "सांगा कीवर लोकांनी माझ्या उत्तरात जी भर घातली, ती सगळी उतरवून ठेवलीया. एक न्हाई सोडली."

भर! लोक त्यांना 'साफ चूक', 'अहो आजोबा', 'काहीच्या काही' म्हणत होते, आणि हा माणूस त्याला 'भर' म्हणून घोटीव अक्षरात उतरवून घेत होता. हर्षला पानं उलटू लागली. विहीर. गूळ. ग्रहण. आणि एका पानावर तिचे हात थांबले.

प्रश्न: विजेच्या तारेवर बसलेल्या पाखराला शॉक का बसत नाही? मगदूम, चौकशी: 'पाखरांच्या पायाला जन्मतःच रबर असतं.' खाली भर: 'काका, तुम्ही चुकलात. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात म्हणून बसत नाही. माझे बाबा वायरमन आहेत. हर्षला, इयत्ता सहावी.' त्याखाली त्यांचं उत्तर: 'असं? मग त्या पाखरानं एक पाय खांबावर ठेवला तर? नीट सांगा की.'

तो 'नीट सांगा की' तिला लख्ख आठवला. बाबांना भंडावून, वाचनालयात बसून, तिनं तेव्हा चार दिवस खपून दुसरं उत्तर लिहिलं होतं. आपण शास्त्रज्ञ व्हायचं हे त्या चार दिवसांतच ठरलं होतं.

"लई हुशार पोरगी ती," काका म्हणाले. "आता कुठं असंल कुणास ठाऊक."

हर्षलानं पानावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "मीच ती, काका." आणि खोटं तिच्यानं बोलवेना. "आणि तुमचं खातं बंद झालं ते माझ्यामुळं. तुमची उत्तरं चुकीची म्हणून."

फिरोजनं डोळे मिटून घेतले. शेवंताकाकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

पण एकदा बांध फुटला तो फुटलाच. तिनं सगळं सांगितलं. तिडीकांक, चाळण, उद्या पाच वाजता लागणारं कुलूप, शंभर माणसं. "परत या, काका. पूर्वीसारखं लिहा. तुमच्या चुकांशिवाय सांगा की चालत नाही हो!"

काकांनी वही मिटून पुठ्ठ्यावरून हात फिरवला. चेहऱ्यावरची मिस्किली कुठल्या कुठं गेली होती.

"म्हंजे मला चुका करायला बोलवायला आलायसा." ते शांतपणे म्हणाले. "पोरी, मी चुका करत न्हाई. मी उत्तर देतो. जमणार न्हाई मला."

परतीच्या वाटेवर फिरोज म्हणाला, "कारण सांगितलंस आणि सगळं फिसकटलं. आता ते आले असते तरी उपयोग नव्हता. चूक आहे हे ठाऊक झाल्यावर चूक मनापासून कशी करणार?"

"गप्प बस रे," हर्षला म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड करून भरपूर रडली.

शुक्रवारी सकाळी तिचे डोळे सुजलेले होते, पण मन स्वच्छ झालं होतं. दुकान बंद होणारच आहे तर गिऱ्हाइकांना खरं कारण सांगून बंद करू, असं तिनं ठरवलं. 'सांगा की का थंडावलं?' असा मथळा टाकून तिनं एका बैठकीत अहवाल लिहून काढला. काही हातचं राखलं नाही. 'तुम्ही इथं मदत करायला येत नव्हता,' तिनं लिहिलं, 'तुम्ही चुका खोडायला येत होता. सोनउत्तरांपैकी एकाहत्तर टक्के, म्हणजे दर पाचांतली चार, ही दुसऱ्याच्या चुकीवर आलेली तिडीक आहे. प्रेम, जिव्हाळा वगैरे सगळं वरवरचं. मूळ इंधन तिडीक. मी चुका काढून टाकल्या आणि तुम्हाला येण्याचं कारणच उरलं नाही. हा सिद्धांत निर्विवाद आहे.' शेवटी मगदूमकाकांची आणि चाळणीत गळलेल्या सगळ्यांची माफी मागितली, आणि कळ दाबली.

पडद्यावर लाल पट्टी आली. 'हे उत्तर प्रसिद्ध करता येत नाही. चूक संभवते.'

चाळण! तिची स्वतःची चाळण तिलाच गाळत होती. हर्षलाचा सहा वर्षांचा राग एकदम उसळला. "जा गं बाई खड्ड्यात!" असं म्हणून तिनं मूळ आज्ञावलीत शिरून चाळणच बंद केली. अहवाल प्रसिद्ध झाला आणि जुन्या सगळ्या खातेदारांना त्याची खबर गेली. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मग ती टेबलाचे खण रिकामे करायला बसली.

सव्वा वाजता फिरोजचा आवाज आला. "हर्षला, इकडं ये जरा."

"शाल पिशवीत मावेना रे."

"मसणात गेली शाल. इकडं ये!"

पडद्यावर अहवालाखाली उत्तरं येत होती. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यानं लिहिलं होतं, 'मॅडम, तुमचा सिद्धांत साफ चूक. मी तिडीक म्हणून येत नव्हतो. मला मागातला धोटा अडकण्याची सतरा कारणं ठाऊक आहेत आणि घरात ऐकायला कुणी नाही. ती सतरा कारणं अशी...' आणि खरंच सतरा! खाली एका परिचारिकेनं लिहिलं, 'एक चुकीचा काढा वाचून मी घाबरून धावत आले होते. ती तिडीक नव्हती, काळजी होती. निर्विवाद म्हणे!' मिरजेच्या एका सतार बनवणाऱ्यानं भोपळा कसा वाळवतात ते चार पानं सांगून शेवटी म्हटलं, 'हे मी कुणाला खोडायला लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्यावं.' एक पुण्याहून, एक थेट नैरोबीहून. सगळ्यांचं एकच पालुपद: आम्ही चुका खोडायला येत नाही. तुम्ही चुकलात!

"बावन्न," फिरोज मोजत होता. "एकसष्ट. अगं, तिडीकांक बघ, नोंदीतला सगळ्यात वरचा! माणसं चूक खोडायला येत नाहीत, हे सांगत तुझी चूक खोडायला माणसं लोटलीत!" तो हसता हसता थर्मासवर कोसळला.

हर्षलाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. चार कलमं! चूक दुरुस्त होण्याजोगी. खात्री दांडगी. अंगण प्रत्येकाचं स्वतःचं. कारण आपण का आलो, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? आणि चुकीला मालक होता. नाव, हुद्दा आणि मनापासून.

तीन वाजता आकडा नव्याण्णववर आला आणि तिथंच अडला. पाच मिनिटं गेली. दहा. फिरोज पडद्याला हात जोडून उभा होता. 'नव्याण्णव आली तरी नाही,' हे दोघांच्याही कानात वाजत होतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी शंभरावं उत्तर आलं. अगदी दोन ओळींचं: 'एकाहत्तर टक्के म्हणजे पाचांतली चार नव्हे. सातांतली पाच. इतकं ढोबळ गणित वाचून राहवेना. का. नाईकनवरे.'

"ताई!" हर्षला किंचाळली.

पाच वाजता कालिंदीताई आल्या तेव्हा आकडा दोन हजारांपलीकडं गेला होता आणि दोघं जमिनीवर फतकल मारून उत्तरं वाचत होते. ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "शंभरावी मीच ना?" त्या म्हणाल्या. "रिक्षातून उतरताना कळलं मला. माझ्याच कुलपाची किल्ली माझ्याच हातानं फिरवली." आणि त्याही पदर सावरून खाली बसल्या. "सरका जरा. तो सतारीचा भोपळा कुठं आहे? आणि हर्षला, ती चाळण पुन्हा लावलीस तर गाठ माझ्याशी आहे. चुकीच्या उत्तराशेजारी एक खूण कर, जपून घ्या म्हणून. गाळू नकोस."

"पण ताई, माझा सिद्धांत चुकला की बरोबर आला?"

"ते त्यांनाच ठरवू दे. दोन वर्षं पुरेल एवढं भांडण आहे हे."

इतक्यात फिरोजनं तिच्या दंडाला हात लावून पडद्याकडं बोट दाखवलं. चाळण बंद होताच गोठलेली खातीही मोकळी झाली होती. नवं उत्तर आलं होतं. 'मगदूम, चौकशी.'

'पोरी, तुझा अहवाल शेवंतानं वाचून दाखवला. चूक. साफ चूक. तिडीक बिडीक काही नसतं. मी एकतीस वर्षं खिडकीत बसलो. खिडकीतला माणूस गप्प बसला की विचारणारा परत जातो. तो काहीही बोलला, तर मागे रांगेत उभे असलेले चार जण म्हणतात, थांबा, मी सांगतो. पहिल्यानं वाकडंतिकडं का होईना बोलावं लागतं, मग बाकीच्यांना धीर येतो. तुझ्या चाळणीनं फक्त शहाण्यांना बोलू दिलं, म्हणून सगळे गप्प झाले. हे झालं खरं उत्तर.'

हर्षलानं ते दोनदा वाचलं. चार हजार तीनशे बारा उत्तरांनंतर म्हाताऱ्यानं नेम बरोबर मारला होता, तिच्या सिद्धांतापेक्षा कितीतरी बरोबर. आपण चुकलो याचा एवढा आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता.

पण उत्तर तिथं संपलं नव्हतं. खाली आणखी दोन ओळी होत्या. 'ता. क. पाखराच्या पायाच्या रबराचं मात्र मी पुन्हा तपासून बघितलं. माझंच बरोबर आहे. कावळ्याला जास्त असतं, म्हणून तो खांबावरपण बसतो.'

"सोड," फिरोज हसत म्हणाला. "त्र्याऐंशी वर्षांचे आहेत ते."

"हो, सोडते," हर्षला म्हणाली. तिनं कपात चहा ओतला. कप तोंडाला लावला. खाली ठेवला. "पण कावळ्याला कसं असेल रे जास्त?"

आणि कळफलक पुढं ओढून, सहा वर्षांत पहिल्यांदा, ती उत्तर लिहू लागली. 'काका, तुम्ही चुकलात. खांबावर तो सुखरूप बसतो, कारण तेव्हा त्याचा तारेला स्पर्श नसतो...'

पाठवून तिची बोटं अजून कळांवरच होती, तोवर हिरेवाडीहून उत्तर आलं.

'असं? मग दोन तारांवर दोन पाय ठेवले तर? नीट सांगा की.'